वरच्या बागेतला रिकामा चौथरा

आश्विन लागला की जालन्याच्या हवेला दोन वास येतात. एक मोंढ्याकडून येणारा, सोयाबीनच्या भुशाचा, कोरडा, घशात खवखवणारा. दुसरा हातगाड्यांवर पिकून फुटलेल्या सीताफळांचा. पाऊस नुकताच परतलेला असतो, दुपारी ऊन असं पडतं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि दिवे लागायच्या सुमाराला एखादी गार झुळूक येऊन जाते. लोकांना हा हंगाम फार आवडतो. घरात धान्य येतं, दिवाळी जवळ असते. मला आवडत नाही. पूर्वी आवडायचा, म्हणून जास्तच आवडत नाही.

मी अंबडला शाळेत शिकवते, रोज एसटीने जाते-येते. स्टँडवर उतरलं की घरी जायला दोन रस्ते आहेत, एक नदीकडून आणि एक बाजारातून. वर्षभर मी नदीकडून जाते, तो जवळचा आहे. हा एक महिना मात्र बाजारातून जाते, भाजी घ्यायची नसली तरी. यंदा आईनेच मला मुद्दाम नदीकडे पाठवलं, म्हणून हे सगळं पुन्हा ढवळून निघालं.

नदीकाठी आता वरची बाग आहे. पूर्वी तिथे खोलगट जागा होती, आमचं जुनं चर्च होतं, त्यामागे सुबाभळीची झाडं आणि मग लगेच नदी. पूर येऊन गेल्यावर सगळ्यांना शहाणपण सुचलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. भराव टाकून, भली मोठी भिंत बांधून ती सगळी जमीन रस्त्याच्याही वर उचलली. खाली दुकानांचे गाळे आणि मोटारसायकली लावायची जागा, वर हिरवळ, बाक, कण्हेरीची झाडं, आणि एका टोकाला नव्याने उभं केलेलं चर्च. पुरात जुन्या चर्चची मागची भिंत पडली होती, पुढची शाबूत होती. ती उतरवताना काळ्या दगडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले होते, म्हणजे वर पुन्हा तशीच रचता येईल. रचली तशीच. पण काही दगडांवरचे आकडे नीट पुसलेच नाहीत. उपासना लांबली की माझी नजर त्या आकड्यांवर जाते आणि पाळकसाहेब काय सांगताहेत ते ऐकू येईनासं होतं.

बागेच्या मधोमध लोखंडी माणसं बसली आहेत. आमच्या गावात लोखंड वितळवायच्या भट्ट्या आहेत, इथल्या सळ्या कुठकुठल्या इमारतींत जातात. त्यातल्याच एकाने भंगार दिलं आणि संभाजीनगरहून आलेल्या एका शिल्पकार मुलीने ते जोडून, ठोकून ही माणसं घडवली. पुरात गेलेल्यांचे लग्नातले, ओळखपत्रावरचे फोटो तिने घरोघरी फिरून गोळा केले होते. कुणी बाकावर बसलंय, कुणी मांडी घालून, एकीच्या मांडीवर पिशवी आहे. सगळ्यांचे चेहरे एकाच दिशेला, किंचित वर, आणि तोंडं अर्धवट उघडी. ही माणसं हसताहेत. ज्यांना ठाऊक नाही ते विचारतात, हे स्मारक आहे की हास्यक्लब? वर्तमानपत्रात एकाने पत्रही लिहिलं होतं की मृतांची अशी थट्टा बरी नव्हे. त्या मुलीने ऐकलं नाही. शेवटचं जे केलं तेच मी दाखवणार, म्हणाली.

आणि ही माणसं ज्या दिशेला बघतात तिथे एक चौथरा आहे. कमरेइतका उंच, काळ्या दगडाचा, रिकामा. लग्नाला आलेले पाहुणे, जांब समर्थचं दर्शन घेऊन रेल्वेची वाट बघणारी मंडळी, कॉलेजची पोरं बागेत येतात. त्यांना वाटतं, हा फोटो काढायलाच ठेवलाय. चढून उभं राहिलं की मागे चर्च येतं आणि समोर ही लोखंडी माणसं कौतुकाने हसत असतात. मागे एकदा एक नवरदेव त्यावर उभा राहून हात पसरत होता. मी त्याला खाली उतर म्हणून ओरडले. त्याने विचारलं, "का हो ताई, वरती लिहिलंय का काही?" लिहिलेलं काही नव्हतं. तिथे माझे बाबा असायला हवे होते, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगणार?

बाबांचं नाव शमुवेल. ते स्टँडवर गाड्या पुकारायचे. "अंबडमार्गे वडीगोद्रीला जाणारी गाडी" एवढंच वाक्य, पण ते बोलले की झोपलेला प्रवासी उठून पिशवी उचलायचा. लाउडस्पीकर बंद पडला तर बाहेर येऊन नुसत्या तोंडाने पुकारायचे आणि काही अडायचं नाही. घरी मात्र हळू बोलायचे, आईला दोनदा विचारावं लागायचं. मी लहानपणी समजायचे की माणसाला रोजचा ठरावीक आवाज मिळतो आणि बाबांचा स्टँडवरच संपतो. पण वर्षातून एक दिवस तो रविवारीही उरायचा, कापणीच्या सणाला.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बहुतेकांना शेती नाही. कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत, कुणी रेल्वेत. तरी पीक हाताला आलं की प्रत्येक घराने हंगामातलं काहीतरी चर्चला आणायचं, अशी रीत. खांबांना ऊस आणि ज्वारीची ताटं बांधायची, वेदीपुढे बाजरीची कणसं, कापसाची बोंडं, सीताफळं, अंडी, भोपळे. शेत नसलेले सरळ मंडईतून विकत आणायचे आणि भाव विचारला की लाजायचे. बाबा डब्यात लावलेल्या झाडाच्या मिरच्या आणायचे, ओंजळभर, पण "आमच्या रानातल्या" म्हणून. उपासना झाली की अंगणात मांडवाखाली या सगळ्याचा लिलाव. आणि तो साधा लिलाव नसतो. ज्याने वस्तू घेतली तो ती घरी नेत नाही, "पुन्हा देवाला" म्हणून परत देतो, की पुन्हा बोली. एकच भोपळा सगळ्या मांडवभर फिरून यायचा. जितका जास्त फिरेल तितका सण चांगला झाला म्हणायचं. पुकारायचे अर्थात बाबा.

समोरच्या कापड दुकानाचे सेठ दरवर्षी यायचे. पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं जैन घर, आणि बोली लावायचे नेमकी कोंबडीवर. बाबा विचारायचे, "सेठजी, कोंबडी घिऊन करणार काय तुम्ही?" सेठ म्हणायचे, "मी घेतली तरच ती वाचते ना, शमुवेलभाऊ. बोला, जल्दी बोला." ती कोंबडी ते कधीच परत द्यायचे नाहीत. अंगणात सोडून द्यायचे, आणि वर्षभर ती पाळकसाहेबांच्या पायात पायात करायची. त्या दिवसांत मला वाटायचं, देव असलाच तर या मांडवात आहे, आत नाही.

त्या वर्षी गावात पाऊस नव्हता. हे सांगितलं की बाहेरच्यांना पटत नाही. स्वच्छ ऊन होतं, मांडवाच्या कापडातून ते पिवळं होऊन सगळ्यांच्या तोंडावर पडलं होतं. पाऊस पडला तो वरच्या अंगाला, आधीच्या दोन दिवसांत. तिकडचा कुठलासा तलाव भरून फुटला, हे आम्हाला नंतर कळलं. नदी सकाळीच जरा फुगलेली दिसत होती. पण आमची नदी वर्षभर जलपर्णीखाली मेल्यासारखी पडलेली असते, तिला थोडं पाणी आलं याचं लोकांना बरंच वाटलं होतं.

स्वयंपाक वरच्या बाजूला, रस्त्यालगत असायचा. आई तिथे भाताच्या पातेल्याशी उभी होती, मी पत्रावळी मोजत होते. लिलाव लांबला होता. आई वैतागली आणि मला म्हणाली, "जाय, सांग त्यान्ला, आटपा म्हणावं. भात गार हून राह्यला." मी उतरून मांडवात गेले. बाबा टेबलावर उभे होते, हातात लाल भोपळा. मी खालूनच म्हटलं, "बाबा, आई म्हणती आटपा." त्यांनी भोपळा वर धरला आणि स्टँडवरच्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "मंडळी, वरून हुकूम आलाय, आटपा! पन ह्यो भोपळा अजून दानियलभाऊच्या हातून सुटला न्हाई!" सगळे हसले. सुमनमावशीचे यजमान दानियलकाका सर्वांत मोठ्याने, कारण भोपळा तिसऱ्यांदा त्यांनीच घेतला होता. तेही ओरडले, "पुन्हा देवाला!" मी परत चढून आईकडे आले. हसत होते मीही.

मला आवाज आधी ऐकू आला, पाणी नंतर दिसलं. सुबाभळी आडव्या झाल्या. मांडवातली रस्त्याकडची माणसं वर पळाली, ती वाचली. मधली, मागची, म्हातारी, लेकरं कडेवर घेतलेली, त्यांना रस्ता लांब होता आणि चर्चच्या पायऱ्या जवळ. बाबांनी ते बघितलं. टेबलावरूनच ते ओरडले, "चर्चात चला! आत चला, आत!" त्या आवाजाने जालन्याची माणसं आयुष्यभर गाडीत चढलेली. ती आत गेली. दगडी इमारत, उंच जोतं, दुसरं कुणीही तेच सांगितलं असतं, असं मी स्वतःला हजारदा म्हटलं आहे. सगळ्यांना आत घालून बाबा शेवटी गेले. ते टेबलावरून उडी टाकून रस्त्याला लागू शकले असते, मी वरून पाहत होते. मग मागची भिंत गेली. एवढी जुनी, रुंद भिंत, पण पडायला काही वेळ लागला नाही.

पुढचं मी लिहिणार नाही. मांडव घालणारे चाँदभाई आणि त्यांची मुलं बांबू घेऊन कशी पाण्यात उतरली, सेठांनी दुकानातले तागेच्या तागे कसे उलगडले, आणि ते पांढरं कापड शेवटी कशाला लागलं, हे ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे.

मेलेल्या माणसाला कुणी नावं ठेवू नयेत म्हणतात. पण रडून झालं की माणसं हिशेब मांडतातच. लिलाव वेळेवर संपला असता तर सगळे जेवायला वरच्या बाजूला असते. आईने निरोप पाठवला होता, तो त्याने सगळ्यांदेखत हसण्यावारी नेला. आणि आत जा कुणी सांगितलं? त्यानेच. यात खोटं काय होतं? एकही गोष्ट खोटी नव्हती, म्हणून तर आम्हाला भांडता आलं नाही. माणसं तोंडावर काही बोलायची नाहीत. फक्त आई नळावर गेली की तिथली बोलणी थांबायची. आईही मग वाकून हंडा भरायची आणि सरळ निघायची. शिल्पकार मुलीने सगळं ऐकून घेतलं, आणि चित्र काढलं तेव्हा मधोमध टेबलावर बाबा काढले होते. बैठकीत घरोघरचे लोक म्हणाले, बाकी ठेवा, ह्याला नको. सुमनमावशी उठून म्हणाली, "त्यो तिथं उभा राह्यला, तर माझ्या मालकाचं लोखंड मी नदीत फेकून दीन." मुलीने बाबांना वगळलं, पण चौथरा तेवढा काढू दिला नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. नवं चर्च झालं, आणि यंदा पहिल्यांदा कापणीचा सण पुन्हा धरायचं ठरलं. लिलाव होणार नव्हता, त्यावर दुमत नव्हतं. पण त्या निमित्ताने आई पाळकसाहेबांकडे गेली. तिचे गुडघे गेलेत, बागेच्या पायऱ्या ती भिंत धरून चढते. तिने कधी काही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, सगळी तिथं हायेत, एकटे हेच न्हाईत. ह्यान्ला बी बसवा. मी हाय तवर बसवा. पाळकसाहेब घरोघर जाऊन बोलले. माणसं निवळली होती, कुणी म्हणालं बसवा बापडं, कुणी नुसती मान हलवली. राहिली सुमनमावशी. तिने हो म्हटलं तर पुढच्या सणाआधी बाबा चौथऱ्यावर उभे राहणार होते. पाळकसाहेब तिच्याशी बोलून रिकाम्या हाताने परत आले. मग आईने मला पाठवलं.

सुमनमावशी रोज दिवस कलला की बागेत येते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी पायऱ्या चढून वर गेले तेव्हा ती दानियलकाकांच्या लोखंडी आकृतीशेजारी बाकावर बसली होती. पदराने त्यांच्या खांद्यावरची कबुतरांची घाण पुसत होती. भट्ट्यांच्या बाजूला आभाळ तांबडं आणि धुरकट झालं होतं. मला बघून ती सरकली नाही.

"आईनं पाठवलं, मावशी."

"म्हाईत हाय. समदे हो म्हणले म्हणं. आता माझ्या एकटीवर आलं."

"तुम्ही नाही म्हणालात तर कुणी जबरदस्ती करणार नाही."

तिने सरकून बाकावर जागा केली. मग म्हणाली, "हिकडं बैस. ह्यांच्या हाताला हात लाव."

मी घाबरतच लावला. दुपारी त्या लोखंडाला हात लावला तर पोळतो. आता तो कोमट होता, माणसाचा असतो तितका.

"दिसभर तापतंय, सांजच्याला असं हुतंय," ती म्हणाली. "थंडीत न्हाई हुत. थंडीत नुसतं लोखंड. उन्हाळ्यात लई जाळतंय. ह्या महिन्यात बराबर असतंय."

घरून निघताना मी मुद्दे जुळवून आले होते. बाबांनी स्वतःचा जीव वाचवला नाही, हा एक. तलाव त्यांनी फोडला नव्हता, हा दुसरा. त्यातला एकही त्या कोमट हातापुढे बोलण्यासारखा नव्हता. तरी मी म्हटलंच, "बाबांनी मुद्दाम नव्हतं केलं, मावशी."

"मला कळत न्हाई व्हय?" ती एकदम माझ्याकडे वळली. "माझ्या लग्नात पंगती कुणी बसवल्या? तुझ्या बापानंच, वरडून वरडून. वाईट न्हवता त्यो. बिलकुल न्हवता."

"मग?"

"मंग काय? पाणी देवानं धाडलं. भित त्याच्याच घराची पडली. शमुवेलभाऊला मी माफ केलं, तिथं उभं केलं, की मंग मी रागवू कुणावर? त्याच्यावर?" तिने चर्चकडे बोट केलं. "त्याच्यावर रागावले तर मंग आईतवारी जाऊ कुठं? पोरी, मला जायला दुसरी जागा न्हाई."

तिचा आवाज चढला नव्हता. ती पुन्हा पदराने खांदा पुसायला लागली, जिथे पुसायला काही राहिलं नव्हतं तिथे. मला तिचा राग आला. माझा बाप काय तिने डोकं आपटायला ठेवलेली भिंत आहे? मग मला जाणवलं की हो, तेच आहे, आणि ती आपटते म्हणून उभी आहे. मी उठले. पायऱ्या उतरताना चौथऱ्यावर दोन मुली केस सारखे करत फोटो काढत होत्या. या वेळी मी ओरडले नाही.

आई उंबऱ्यातच बसली होती. मी काही गाळलं नाही, मावशीचा शब्द न् शब्द सांगितला. आईने ऐकून घेतलं. मला वाटलं आता रडेल, आणि मी तिच्या शेजारी बसले.

"बराबर बोलली ती," आई म्हणाली. "आपल्याला रडायला तरी माणूस हाय. तिला रागवायला तरी कुणी पायजे का न्हाई?"

"म्हणजे बाबांना तसंच ठेवायचं? कायमचं?"

"पाळकसाहेबान्ला उद्या सांग, आईलाच नको म्हणून. मीच नको म्हणले म्हणावं."

"तू कशाला नको म्हणशील? तू तर मागायला गेली होतीस."

"सुमनचं नाव काढू नको बिलकुल. समदे हो म्हणले आन् ती एकटी न्हाई म्हणली, असं झालं तर आता तिला धरतील. ह्यान्ला धरलं तसं. नळावर तिच्या तोंडावर गप बसतील. मला म्हाईत हाय ते कसं असतंय."

मी दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांना तसं सांगितलं. सुमनमावशीचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी आईचंच म्हणणं घरोघर कळवलं. कापणीचा सण झाला. खांबांना ऊस बांधला, बाजरी आली, सीताफळं आली. लिलाव झाला नाही, सगळं ढीग करून वाटून टाकलं. लोक हळू बोलत होते, लेकरांनाही गप्प केलं जात होतं. मी वाढायला होते आणि पंगतीत दोन बायका बोलत होत्या, मला ऐकू येईल इतक्या जवळ. एक म्हणाली, "आपुन समदे तयार झाल्तो. पन बायकोलाच नको झाला म्हणं त्यो." दुसरी म्हणाली, "घरच्यालाच ठावं असतंय, मानूस कसा हुता."

सुमनमावशी त्यांच्या पलीकडेच बसली होती. तिने मान वर करून आधी त्या दोघींकडे बघितलं, मग लांब भिंतीला टेकून बसलेल्या आईकडे. आईने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, नको म्हणून. सुमनमावशीने उघडलेलं तोंड मिटलं आणि खाली बघून जेवायला लागली.